एकतिसाव्या जागेवरचा सापळा

मित्रांनो, नंतर गैरसमज नको म्हणून आधीच सांगून टाकतो. मी सापळा आहे. जुना आहे, पत्र्याचा आहे आणि ज्या कपाटावर मला ठेवले आहे तिथे माझ्याशी बोलायला कुणी नाही. सापळ्याशी कोण बोलणार? आमच्या नावाला समाजात फारसा मान नाही. कुणी कुणाला फसवले की लगेच आमचे नाव पुढे केले जाते. वास्तविक फसवणारा माणूसच असतो. पण तो पत्र्याचा नसल्यामुळे सुटतो.

त्यातून मी उंदीर मारायचा सापळा नव्हे. मान मोडणारी तार माझ्यात नाही. मी वीतभर लांबीची, घडी घालता येणारी एक डबी आहे. पुढे दार, आत एक हलती पट्टी. प्राणी आत आला आणि पट्टीवर त्याचे पाऊल पडले की मागून दार लागते. सकाळी माणूस येतो, प्राण्याला बाहेर काढतो, वजन करतो, मापे घेतो आणि सोडून देतो. थोडक्यात, मी एका रात्रीच्या मुक्कामाची खोली आहे. जेवण फुकट, फक्त सकाळी पाहुण्याची शेपूट मोजतात.

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. ऑर्डर पन्नास सापळ्यांची होती. पन्नास झाले तेव्हा थोडा पत्रा उरला. पत्रेवाल्याचा हात लयीत होता, तो थांबला नाही, आणि त्या उरलेल्या पत्र्यातून मी झालो. न्यायला एक तरुण मुलगी आली, तेव्हा तो म्हणाला, "हा एक वरचा ठेवा. असाच. असला तर असला."

'असला तर असला' हे माझे बारसे.

ती मुलगी रानातल्या सस्तन प्राण्यांचा अभ्यास करत होती. सस्तन म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे वाघ आणि हत्ती उभे राहतात, मला ठाऊक आहे. पण सस्तन प्राण्यांमध्ये मुठीत मावणारेच फार. त्यांची मोजदाद करायला कुणी जात नाही, कारण त्यांच्यासोबत फोटो चांगला येत नाही. ही गेली. तिच्या खिशात कायम एक मोजपट्टी असे. ती दगड मोजी, पाने मोजी; चहा आला तर कप किती बोटे भरला आहे तेही बघे. तिचे नाव मोजपट्टीच पडले.

तिने लाल रंगाने आमच्यावर एक ते पन्नास आकडे घातले. माझ्यावर काही घातले नाही. मला पोत्याच्या तळाशी टाकले. बाकीचे पन्नास भाऊ रांगेने वाळत पडले होते, आणि मी खालून त्यांचा रंगाचा वास घेत होतो, असे म्हणालो असतो. पण मला नाक नाही.

रानात जाण्याआधी आमचे पोते एका मोठ्या खोलीच्या कोपऱ्यात दोन दिवस होते. तीच ही खोली. इथे भिंतभर कपाटे आहेत, कपाटांत खण आहेत, आणि खणांत मेलेल्या प्राण्यांची कातडी, कवट्या आणि दात चिठ्ठ्या बांधून ओळीने ठेवले आहेत. इथे सर बसत. मोजपट्टीचे मार्गदर्शक. तीस वर्षे ते दुसऱ्यांच्या तोंडात बघत आले होते, पण ते दातांचे डॉक्टर नव्हते.

"एक तरी नमुना आणावा लागेल," सर म्हणाले. "बाहेरून सगळ्या चिचुंद्र्या सारख्या दिसतात. वरच्या जबड्यात पुढच्या दाताच्या मागे बारके दात असतात. एका बाजूला तीन असले तर एक प्रजाती, चार असले तर दुसरी. आणि चौथा असला तर तो खसखशीएवढा. जिवंत चिचुंद्री 'आ कर' म्हटल्यावर आ करत नाही."

"मी मारणार नाही, सर."

"मग करणार काय?"

"मापं घेऊन, खूण करून सोडणार. तीच परत किती वेळा येते ते बघणार. एकही मरणार नाही."

"एकही?" सरांनी चष्मा काढला. "इतका आत्मविश्वास मला माझ्या लग्नातसुद्धा नव्हता."

"लिहून देते."

"दे बाई. तसंही परवानगीच्या समितीला काहीतरी लेखी लागतंच."

तिने लिहून दिले: या कामात एकही प्राणी दगावणार नाही. खाली सही केली. मी पोत्याच्या तळाशी होतो, पण सहीचा आवाज मला ऐकू आला. फार ठाम सही होती.

मग आम्ही रानाच्या उतारावर गेलो. तिथे मामा भेटले. मामा कुणाचे मामा ते मला शेवटपर्यंत कळले नाही. सगळेच त्यांना मामा म्हणत. सगळा जन्म त्यांनी त्या उतारावर मध काढण्यात आणि वाट चुकलेल्यांना वाट दाखवण्यात घालवला होता. पाच रांगा, रांगेत दहा जागा, दोन जागांमध्ये दहा पावलांचे अंतर. प्रत्येक जागेजवळच्या झुडपाला पिवळ्या कापडाची चिंधी. संध्याकाळी आमिष घालून दारे उघडायची, पहाटे फिरून बघायचे. वरच्या तीन रांगा मोजपट्टीकडे, खालच्या दोन मामांकडे.

पहिल्याच सकाळी, सापळ्यातून प्राणी काढून ठेवलेल्या एका पिशवीत डोकावून मामांनी म्हटले, "उंदीर आहे की गं हा."

"उंदीर नाही, मामा. चिचुंद्री. उंदराचे पुढचे दात छिन्नीसारखे असतात, मग मध्ये मोकळी जागा, मग दाढा. हिचे बघा, ओळीनं सगळे टोकदार. ही किडे खाते. उंदराशी हिचं नातं शेजाऱ्याचं. भाऊबंदकी नाही."

"भाऊबंदकी नाही म्हणजे सुखी आहे."

"आधी वर्ग बघायचा, मग गण, मग कुल, मग प्रजाती, मग जात," मोजपट्टी म्हणाली. "वर्ग म्हणजे सस्तन. अंगावर केस, पिलांना दूध."

"तेवढ्यात तर मीही बसलो."

"बसलातच. तुम्ही आणि चिचुंद्री वर्गापर्यंत एकत्र, गणात वेगळे होता."

"आमच्या मेव्हण्याला सांगायला पाहिजे," मामा म्हणाले. "तो मला वर्गातही घेत नाही."

हे सगळे मी पोत्यातून ऐकले. एक आठवडाभर मी पोत्यातच होतो. माझे पन्नास भाऊ रात्री उघड्यावर राहून पाहुणे घेत होते आणि मी कांद्याच्या पोत्यात शेवटी उरलेल्या कांद्यासारखा पडून होतो. मग एका सकाळी एका गाईने एकतीस नंबरवर पाय दिला. तो पापडासारखा चपटा झाला. तिच्या मागून आलेल्या शेळीने त्या जागेची पिवळी चिंधी खाल्ली. शेळीला विज्ञानाचे वावडे नसते.

"टाकून देऊ?" मामांनी विचारले.

"नको, राहू दे. दुरुस्त होईल," मोजपट्टी म्हणाली. ती काहीच टाकत नसे. चपटा एकतीस पोत्यात गेला आणि मी पोत्यातून बाहेर आलो. मला नोकरी लागली.

"आकडा घालायचा का याच्यावर?"

"रंग घरी राहिला, मामा. तुम्हाला जागा माहीत आहे ना?"

"बोरीखाली, काळ्या दगडाला टेकून. डोळे झाकून सांगेन."

"मग चिंधीपण राहू दे. चिंध्या संपल्यात."

एवढे बोलणे झाले आणि दोघेही विसरले. मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. मी आनंदात होतो.

माझ्याकडे आलेली पहिली पाहुणी चिचुंद्रीच होती. बोटाएवढी, लांब नाकाची, मखमली करड्या रंगाची. मामा मला उचलून वर वाटेवर घेऊन गेले, मोजपट्टीने तिच्या डाव्या मांडीवरचे थोडे केस कातरून खूण केली आणि मामांनी तिला माझ्यासकट परत बोरीखाली आणून सोडले. दुसऱ्या रात्री ती परत आली. तिसऱ्या रात्री परत. एरवी माझ्याकडे येणारा प्रत्येक जण सकाळी दार उघडताच असा पळे की मागे वळून बघायचे नाव नाही. त्यात त्यांची चूक नाही. पण रोज आपल्याकडे यावे आणि रोज आपल्यापासून सुटल्याचा आनंद करावा, हे किती दिवस सोसणार? ही मात्र सोडल्यावरही माझ्या दारापाशी घुटमळे, नाक हलवी, मग जाई.

"आल्या का पाहुणीबाई!" मामा रोज सकाळी म्हणत. "भाडं द्या."

"मामा, ही सोकावलीय," मोजपट्टी कुरकुरे. "खायला मिळतं, कापसात ऊब मिळते, सकाळी बाहेर काढणारा हात येतो. हिच्यामुळे माझे आकडे बिघडतात."

"येऊ दे की गं. बिचारी विश्वासानं येते."

चिचुंद्रीचे पोट फार घाईचे असते, मित्रांनो. तिचे हृदय इतके भराभर चालते की दर दोन-तीन तासांनी तिला खावे लागते. अर्धा दिवस अन्न मिळाले नाही तर ती मरते. म्हणून मोजपट्टीने आमच्यात सुक्या मासळीचे तुकडे आणि किड्यांचा चुरा भरपूर घातलेला असे, आणि उजाडण्याआधी ती उतारावर हजर असे. थंडी असो, डोके दुखो. सहा आठवड्यांत एकही प्राणी दगावला नाही. पाहुणीबाई माझ्याकडे चौदा वेळा आली. मोजपट्टीच्या वहीत चौदाही वेळा तिच्या नावापुढे नेहमीच्या चिचुंद्रीची जात लिहिली गेली, प्रश्नचिन्हासकट.

शेवटच्या सकाळी मामांना ताप होता. त्यांनी निरोप धाडला, "तूच उचलून घे पोरी, उठवत नाही." मग मोजपट्टी एकटीच पाचही रांगा फिरली. पिवळी चिंधी दिसली की वाकायचे, सापळा मिटायचा, चिंधी सोडायची, पुढे जायचे. खालच्या रांगांत ती याआधी कधी उतरली नव्हती. बोरीपासून ती चार पावलांवरून गेली. मी रिकामा होतो, दार उघडे होते, नुसता बघत राहिलो.

मग ती वाटेवर बसली आणि तिने पोते ओतले. ती हयगय करणारी मुलगी नव्हती. एकेक सापळा हातात घेऊन, आकडा मोठ्याने वाचून, ती तो परत पोत्यात टाकत होती. मला सगळे ऐकू येत होते. "एकोणतीस. तीस. एकतीस." एकतीस म्हणताना ती जरा थांबली. हातात चपटा भाऊ होता. "तुझे हाल झाले बाबा," असे म्हणून तिने त्यालाही आत टाकले. "बत्तीस. तेहतीस." पन्नासपर्यंत एकही आकडा चुकला नाही. मी 'हजर' म्हणालो असतो. पण माझा आकडा तिने पुकारलाच नव्हता.

ती शीळ वाजवत उतारावरून गेली. कुणाचाही जीव न घेता काम संपवलेल्या माणसाची शीळ होती ती.

त्यानंतरचे दिवस मी सांगणार आहे, पण थोडक्यात. सापळ्याला स्वतःचे दार स्वतः मिटता येत नाही. त्याला वाट बघता येते, एवढेच. आधी मी मामांची वाट बघितली. मग मुंग्या आल्या आणि त्यांनी दोन दिवसांत सगळे आमिष नेले, तेव्हा मला बरे वाटले. आता खायला काही नाही, कुणी येणार नाही. आयुष्यात प्रथमच मी मनापासून म्हणत होतो की माझ्याकडे कुणी येऊ नये. पट्टीत माती अडकावी, दार गंजावे, गाय यावी. गाय त्या बाजूला फिरकली नाही.

तिसऱ्या संध्याकाळी पाहुणीबाई आली. ती दारात थांबली. नाक हलवले. आत वास नव्हता, म्हणून क्षणभर वाटले की जाईल. पण ती वासासाठी येतच नसावी. तिला घर माहीत होते. ती आत आली, पट्टीवर तिचे पाऊल पडले आणि दार लागले. पत्रेवाल्याचा हात फार चांगला होता. मी एकदाही अडकलो नाही.

ती घाबरली नाही, मित्रांनो. आपल्या नेहमीच्या कापसात शिरून सकाळची वाट बघत बसली. सकाळ झाली. ती उठून दारापाशी आली. उन्हे बोरीवर आली, माझ्या पत्र्यावर आली. ती दारापाशीच होती. दुपारी ती दाराकडे पाठ करून निजली. मग माझ्यात फक्त मुंग्यांची ये-जा राहिली.

दोन आठवड्यांनी मामा अंगात ताकद आल्यावर उतारावर आले. सवयीने पाय बोरीकडे वळले असावेत. मला बंद बघून ते खाली बसले. मला उचलून हलकेच हलवले. आत काहीतरी खुळखुळले. त्यांनी दार उघडले नाही. मला रुमालात बांधून ते बसमध्ये बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी एका पूर्ण तिकिटाच्या माणसाच्या मांडीवर बसलो होतो, आणि तेही असल्या कामाला.

मोजपट्टी याच खोलीत लिहीत बसली होती. मामांनी मला तिच्या टेबलावर ठेवले.

"पोरी, एक राहिला होता."

"मामा, शक्यच नाही. नंबर वाचून मोजले. पन्नासच्या पन्नास."

"एकतिसावा मोडका पोत्यात होता ना?"

तिने मला हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवून बघितले.

"याच्यावर नंबर नाही," मामा म्हणाले. "आणि मी झोपून होतो. नाहीतर..."

"तुमचा काय संबंध, मामा? मोजलं मी."

तिने दार उघडले. मुंग्यांनी आपले काम स्वच्छ केले होते. कापसात पांढरीशुभ्र बारीक हाडे होती आणि थोडे केस, त्यातले काही कात्रीने कापलेले. मोजपट्टीने पाहुणीबाईच्या चौदा नोंदी वहीतून काढून बघितल्या नाहीत. तिला पाठ होत्या.

तेवढ्यात सर आले. त्यांनी काही विचारायच्या आधीच चिमट्याने कवटी उचलली आणि भिंगाखाली धरली. माणसाला तीस वर्षांची सवय असते. "एक," ते म्हणाले, "दोन, तीन..." मग खुर्ची ओढून बसले, कवटी फिरवली, दुसरी बाजू बघितली.

"चार," सर म्हणाले. "अगं, चार आहेत! ही या डोंगररांगेत असल्याची नोंदच नाही! कुणी बघितलीच नाही आजपर्यंत! तुझ्या वहीत काय आहे?"

"तीन दातांची," मोजपट्टी म्हणाली. "प्रश्नचिन्ह."

"प्रश्नचिन्ह गेलं! चिठ्ठी लिही, आत्ता लिही. ठिकाण, तारीख, कुणी मिळवली. कशी मिळाली तिथे लिही 'सापळ्यात'."

तिने चिठ्ठी लिहिली. फार बारीक अक्षरात, फार वेळ लावून. सरांनी वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. शेवटच्या ओळीत लिहिले होते: 'सापळा उचलायला विसरल्यामुळे उपाशी मेली. चूक माझी.'

"असं कुणी लिहीत नाही," सर म्हणाले.

"मग कुणी विसरतही नसेल, सर."

"बाई गं, तू समितीला लिहून दिलंयस. ही चिठ्ठी त्यांनी वाचली तर पुढची परवानगी गेली. 'सापळ्यात' हा शब्द खोटा नाही ना? पुरेसा आहे."

"पुरेसा आहे म्हणूनच नको."

सरांनी मामांकडे पाहिले. मामा रुमालाची घडी घालत होते. मामांनी तिच्याकडे बघत म्हटले, "लिही पोरी. तसं लिहिलं नाहीस तर मला त्या वाटेनं जायचं बंद करावं लागेल."

सर बराच वेळ भिंगाचा दांडा फिरवत बसले. मग त्यांनी काचेची नळी आणली, कवटी तीत ठेवली आणि चिठ्ठी जशीच्या तशी बांधली. समितीने ती वाचली. दोन वर्षे परवानगी मिळाली नाही. त्या दोन वर्षांत चार दातांच्या त्या चिचुंद्रीची पहिली नोंद दुसऱ्याच कुणीतरी, त्याच रांगेतल्या दुसऱ्या डोंगरावरून, मोठ्या लेखात छापली. सरांनी तो लेख मोजपट्टीला दाखवला नाही. तिने तो आधीच वाचला होता.

आता सर निवृत्त झाले आहेत आणि त्यांच्या खुर्चीत मोजपट्टी बसते. केस पिकले आहेत, खिशातली मोजपट्टी तीच आहे. तिने माझे दार तारेने उघडे बांधून टाकले आहे, त्यामुळे ते आता कधीच लागणार नाही. मला कुणी रानात नेत नाही. पाहुणीबाई माझ्याखालच्याच खणात आहे, वीतभर अंतरावर, पण खण बंद असतो. कधी विद्यार्थी येतात. ते भिंग लावून दात मोजतात आणि "चार!" म्हणून खूश होतात. मग मोजपट्टी त्यांना चिठ्ठीची शेवटची ओळ मोठ्याने वाचायला लावते. ओळ वाचून झाली की ते नळी जपून खणात परत ठेवतात. मग ते जातात, दिवे विझतात.

मित्रांनो, मला तुम्हाला फार उपदेश करायचा नाही. पत्र्याच्या डबीने उपदेश केलेला बरा दिसत नाही. एवढीच विनंती आहे. यादी जुळली, आकडे जुळले, की आनंदाने शीळ घाला. पण घरी जायच्या आधी एकदा स्वतःच्या पायांनी जागेवर जाऊन बघा. आणि एखाद्या मुक्या जिवाला तुमच्या हाताची सवय लावलीत, तर सकाळी तो हात तिथे असू द्या. कारण तो जीव यादी बघून येत नाही. तो तुमच्या भरवशावर आत येतो, आणि दाराकडे तोंड करून बसतो.